पालममध्ये पालमकरांचा शोध

आमचं आडनाव पालमकर आहे. पालममध्ये एकही पालमकर नाही. ही माहिती मला पन्नास माणसांचा स्वयंपाक तयार झाल्यावर मिळाली.

आम्ही तीन पिढ्या परभणीत. माझे काका, म्हणजे नाना, ब्याऐंशी वर्षांचे. मूळ गावी एकदा भावकीच्या पंगतीत बसायचं, एवढी एकच त्यांची इच्छा. तीस वर्षं मी वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. घरची तेवढी तपासली नाही! फोनवरून देवळाचं सभागृह ठरवलं, परभणीचा आचारी गाठला आणि आठ दिवस आधी पालमच्या चौकात फलक लावून आलो : 'समस्त पालमकर बंधुभगिनींनी रविवारी भोजनास यावे.'

रविवारी बारा वाजले. वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी, सगळं तयार. पंगतीत नाना एकटे. (नवं धोतर नेसून बसले होते. मला तेच जास्त लागलं.)

"येतील रे. भावकी हाय, उशीर व्हायचाच," नाना म्हणाले.

एक वाजता मी समोरच्या किराणा दुकानदाराला गाठलं. "इथले पालमकर कुठं राहतात हो?"

"परभणीला."

"ते आम्ही! इथले विचारतोय."

"अवो साहेब, पालमात ऱ्हाऊन पालमकर कोण म्हणून घेईल? गाव सोडून गेलं की परगावचे लोक तसं म्हणतेत. तुमचं पहिलं आडनाव काय?"

मला माहीत नव्हतं. तिथूनच हाक मारून नानांना विचारलं; त्यांनाही नव्हतं!

"मग भावकी कशी घावंल?" दुकानदार म्हणाला. "अन् फलक वाचून लोक इचारायलेत, हे पालमकर कोन म्हणून. काय सांगू?"

नाना पाटावरूनच ओरडले, "सांगा, पालमचे ते समदे पालमकर! या म्हणावं जेवायला!"

अर्ध्या तासात सभागृह भरलं. भात दोनदा टाकावा लागला.

एक म्हातारबाबा नानांच्या ताटात बुंदी वाढता वाढता थबकले. "तुमचं नाक डिट्टो आमच्या चुलत्याचं हाय!"

"हट्! आमच्या आज्याचं हाय ते," पलीकडून दुसरे.

तिसऱ्यानं नानांच्या कानांवर हक्क सांगितला. नानांनी तिघांनाही भाऊ मानलं आणि तिघांच्याही आग्रहाखातर बुंदी खाल्ली.

संध्याकाळी मी म्हणालो, "नाना, निघायचं ना?"

"तू हो म्होरं. मी चार दिवस भावकीत ऱ्हातो."

मी एकटाच एसटीत बसलो. गाडी हलणार तेवढ्यात दुकानदार माझी पिशवी हातात धरून धावत आला. "ओ परभणीकर! पिशवी ऱ्हायली की!"

गाडीत परभणीकर कोण, म्हणून मीही मागं वळून पाहिलं!