पाहायला म्हणून नागपूर

सावनेरच्या माणसाला नागपूर काही लांब नाही. पण आम्ही जायचो ते कामापुरते. दवाखाना, लग्नाचा बस्ता, नाहीतर कुणाची तेरवी. नुसतं पाहायला म्हणून नागपूरला जाणं हा आमच्याकडे चेष्टेचा विषय. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत हे म्हणाले, "चाल वं, दोन दिवस नागपूर पाहून येऊ, लॉजवर राहू," तेव्हा मी आधी ह्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

हे शाळेची व्हॅन चालवतात. म्हणजे तेव्हा चालवत. सकाळी गावातली पोरं गोळा करायची, शाळेत सोडायची, दुपारी घरोघरी पोचवायची. त्याआधी बरीच वर्षं नागपुरात टॅक्सी चालवली, म्हणून शहराचा रस्ता न् रस्ता आपल्याला ठाऊक असा ह्यांचा तोरा. तरी आम्ही निघालो एसटीने. दारात व्हॅन उभी असताना एसटी! मी विचारलं, "काहून जी, गाडीले काहून सुट्टी?" तर म्हणे, "तिलेही दिवाळी आहे." सक्करदऱ्याला ह्यांची सख्खी बहीण राहते, तिच्याकडेही जायचं नाही म्हणाले. नणंदेला कळलं असतं तर वर्षभर बोलणी मी खाल्ली असती. पण खरं सांगते, मला आतून बरंच वाटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच कुणाच्या घरची भांडी न घासता मुक्काम होणार होता.

पहिला दिवस मात्र बिघडतच गेला. ऑटोत बसल्या बसल्या ह्यांनी हुकूम सोडला, "स्टेशनसमोरच्या पुलावरून घे." ऑटोवाला म्हणाला, "काका, तो पूल तर कवाचाच पाडला ना." महाराजबागेत ह्यांनी फुटाणेवाल्याच्या टोपलीत पाय घातला. मेट्रोच्या दारात एका बाईला असा धक्का दिला की ती वळून पाहत राहिली. मी करवादले, "चालता कसे जी तुम्ही, सांडासारखे?" हे नुसते हसले. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारा हा माणूस हसून सोडतो म्हटल्यावर मी आणखीच चिडले. नागपूरची हवा डोक्यात गेली, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फुटाळ्याला गेलो. तळ्याच्या काठाने माणसांची जत्रा होती. हे माझ्याशी बोलत सरळ चालले होते. डावीकडून एक चिमुरडी पळत आली. मला ती लांबूनच दिसली, हे थांबतील असं मी धरून चालले. हे थांबले नाहीत. पोरगी ह्यांच्या गुडघ्यावर आदळली आणि खाली पडली. कोपर सोललं, रडणं सुरू झालं. तिचा बाप धावत आला आणि ओरडला, "दिखता नहीं क्या?"

ह्यांच्या नाकावर कायम राग. आता इथे मारामारी होणार म्हणून मी मध्ये पडायला पुढे झाले. तर हे मान खाली घालून म्हणाले, "नहीं दिखता, भैया. सच में नहीं दिखता."

तो बाप वरमला. पोरीला उचलून घेऊन गेला. आम्ही काठावरच्या कठड्यावर बसलो, आणि मग ह्यांनी सगळं सांगितलं. पावसाळ्यात एकटेच नागपूरला येऊन डोळे दाखवून गेले होते. काचबिंदू निघाला.

"समोरचं दिसते," हे म्हणाले. "बाजूचं जाऊन राहिलं. डावीकडचं तर गेलंच. गेलं ते परत येत नाही म्हणे. औषध टाकून आहे तेवढं टिकवायचं." मग म्हणाले, "म्हटलं, आहे तोवर तुझ्यासंगं एकदा पाहून घ्यावं. ताईकडे गेलो असतो तर तिनं लगेच ओळखलं असतं."

मला कीव यायला हवी होती. नाही आली. आधी राग आला. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत ह्या माणसाने रोज लोकांची लेकरं गाडीत बसवली होती. आणि मी रोज दारात उभी राहून त्या लेकरांना टाटा करत होते.

"सोमवारी शाळा उघडते," मी म्हटलं.

"हो."

"मग?"

"मले रस्ता पाठ आहे वं. एकेक खड्डा पाठ आहे."

"रस्ता पाठ आहे. पोट्टे पाठ आहेत का जी? आत्ता ते पोरगी पाठ होती तुम्हाले?"

हे म्हणाले, "गाडी सुटली तर मी काय करू? घरी बसून भाजी निवडू?" मी ह्यांच्या खिशातून फोन काढला आणि शाळेच्या मॅडमना लावला.

मॅडमनी दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या, फराळाची चौकशी केली. मी म्हटलं, सोमवारपासून आमची व्हॅन येणार नाही. "काहून, तब्येत बरी नाही का?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात ह्यांनी हात पुढे करून फोन मागितला.

"मॅडम, मले बाजूचं दिसत नाही," हे म्हणाले. "लई दिवसांपासून दिसत नाही. पोट्ट्यायच्या मायबापायले तुम्ही नका सांगू. मी घरोघरी जाऊन सांगतो."

मॅडम पलीकडून काय काय विचारत राहिल्या, आणि हे तळ्याकडे तोंड करून एकेकाचं उत्तर देत राहिले. मी ह्यांच्या डाव्या अंगाला बसले होते. आवाज न करता पोटभर रडून घेतलं. ह्यांना दिसलं नाही.