पाय धुवायचं पाणी

नागपूरला निघताना माझ्या यादीत तीनच गोष्टी होत्या: संत्री, झणझणीत रस्सा आणि रामटेक. डुकरं यादीत नव्हती. आणीबाणी उठली त्या वर्षीची दिवाळीची सुटी होती. वाईच्या शाळेतली पोरं आणि घरची कामं, दोन्हींच्या तावडीतून सुटून मी पुण्याला गाडीत बसलो. प्रवासवर्णनं लिहायची खोड मला जुनी. सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, आणि या खोडीचा मला तेव्हा अभिमानही होता.

स्टेशनवर मावसभाऊ वसंता घ्यायला आला तो अंगाला फिनेलचा वास घेऊनच. वसंता जनावरांचा डॉक्टर. जवळच्या कुही गावाकडे डुकरांमध्ये तापाची साथ आली होती. माणसाला त्याने काही होत नाही, पण एकदा कळपात शिरला की वाडगं ओस पडतं, असं तो म्हणाला. वहिनींनी गोळाभात (हरभऱ्याच्या भरड्याचे गोळे घातलेला भात, वर फोडणीचं तेल) वाढला. मी तीनदा घेतला. वसंता मात्र ताटावर बसूनही साथीचं आणि सकाळी तिथे लस टोचायला जाण्याचंच बोलत होता. मी म्हणालो, मीही येतो, लशीचा थर्मास धरायला माणूस हवाच ना.

सकाळी जीप कुहीच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं धान (भाताचं पीक), बांधावर बगळे, आणि माझ्या मांडीवर बर्फात ठेवलेल्या लशीचा थर्मास. खड्डा आला की वसंता आधी थर्मासकडे बघे, मग माझ्याकडे. वाटेत त्याने नियम सांगितला: आधी निरोगी घरं, आजारी घर सगळ्यात शेवटी, आणि तिथून निघताना धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात पाय बुडवून तडक घर गाठायचं. हा रोग चिखलातून, चपलांतून चालत जातो. मी मान डोलावली, वर्गात पोरं डोलावतात तशीच.

गावात लस टोचणं सुरू झालं. डुकरांच्या किंकाळ्यांनी कानठळ्या बसल्या. तासाभराने वसंता म्हणाला, तू पुढे हो, गावाबाहेर सरूबाईचं घर आहे, तिथे बस. निरोगी घरांतलं ते शेवटचं. वाटेत एका वाडग्याच्या तोंडाशी आडवी दोरी आणि तिला कडुनिंबाचे डहाळे बांधलेले दिसले. आजारी घर ते हेच. धनी कुठे दिसेना. दोन मिनिटं बघून यावं, असं मनात आलं. इथवर येऊन हेच पाहिलं नाही तर लिहायचं काय? मी दोरी ओलांडली.

आत सात-आठ डुकरं थंडी वाजत असल्यासारखी एकमेकांवर पडली होती. कान जांभळे, पोटं जांभळी, डोळे चिकटलेले. एक उठलं, मागचे पाय एकमेकांत अडकून पुन्हा पडलं. गावभर डुकरं किंचाळत होती आणि इथे नुसत्या माश्यांचा आवाज. मला अतोनात भीती वाटली. चिखलातून चपला ओढत मी बाहेर पळालो.

सरूबाई पन्नाशीची, एकटी बाई. मागच्या साथीत तिची सगळी डुकरं गेली होती. नंतर सरकारी योजनेतून ही एक पांढरी विलायती डुकरीण मिळाली, आणि पंधरा दिवसांपूर्वी तिला नऊ पिल्लं झाली. मी अंगणात टेकायच्या आत तिने हे सगळं सांगून टाकलं आणि पाण्याचा गडू पुढे केला.

"पाय धुवा जी भाऊ. असे चिखलाचे पाय घेऊन काय बसता?"

मी दगडावर उभा राहून पाय धुतले, चपलाही धुतल्या. गार पाण्याने बरं वाटलं. ते पाणी दगडावरून ओघळलं, नालीतून गेलं आणि खाली डुकरिणीच्या डबक्यात उतरलं. ती सावकाश उठली आणि त्याच पाण्यात तिने तोंड घातलं. तिच्यामागून पिल्लं आली.

तेव्हा मला वसंताचा नियम आठवला.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. सरूबाईने सांबारवड्या (तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि चहा दिला. मी खाल्लं, चव कळली नाही. वसंता आला, त्याने डुकरिणीला लस टोचली. लस अंगी लागायला काही दिवस जातात, आणि पिल्लं फार कोवळी म्हणून त्यांना टोचता येत नाही, हे तो तिला समजावत होता आणि मी आभाळाकडे बघत होतो. जन्मभर पोरांना नियम शिकवले, आता मीच मोडला हे कसं सांगू, या लाजेने तोंड शिवलं होतं. मग मला दुपारच्या एसटीत बसवून देऊन वसंता आजारी घराकडे गेला.

बस तीन-चार मैल गेली असेल. नऊ पिल्लं काही डोळ्यांपुढून हलेनात. कंडक्टरला थांबवायला सांगितलं, तर शेतात कोणाकडे उतरता म्हणून त्याने विचारलं. मी उतरलो आणि उन्हात परत चालू लागलो. पावलागणिक वाटत होतं, आपण पुन्हा तेच घेऊन चाललो आहोत. म्हणून कुंपणापर्यंतही गेलो नाही. सडकेवरूनच हाक मारली.

"काहून परत आले जी? बस चुकली का?"

दोरीपासून डबक्यापर्यंत सगळं मी सांगितलं. ती माझ्याकडे येत होती, ती जागीच थांबली. मला वाटलं, आता दगड उचलेल. उचलला असता तरी मी हललो नसतो.

"तिथंच राहा," ती म्हणाली. "आत नका येऊ." मग डबक्याकडे बघत म्हणाली, "मागच्या खेपेले बी कोनाच्या तरी पायानंच आलं असन. पन मले कोनी सांगतलं नाई."

मग तिने पदर खोचला. पिल्लं दोन-दोन करून वरच्या गोठ्यात नेली, डुकरिणीला हाकलत चढवलं, डबक्यात चुन्याची टोपली ओतली. मदतीला जायची मला सोय नव्हती. मी सडकेवर उभा राहून बघत होतो. वसंताला कळल्यावर तो मला जे बोलला ते इथे लिहीत नाही. पंधरा दिवस वाट बघायची, एवढंच त्याने शेवटी सांगितलं.

दोन दिवसांनी रामटेकला गेलो. टेकडीवर वराहाची मोठी दगडी मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून लोक सरपटत पलीकडे जातात. पापी असेल तो अडकतो म्हणतात. मी अंगाने काडीसारखा, वाईहून निघताना बायकोला म्हणालो होतो, मी सहज जाईन. एक जाडजूड शेठ हसत पलीकडे निघाला. माझे पाय पुढे होईनात. मी बाहेरूनच हात जोडले आणि एका डुकरिणीसाठी देवाकडे मागणं मागितलं. आयुष्यात असं मागेन असं वाटलं नव्हतं.

वाईला आल्यावर संत्री वाटली, शाळा सुरू झाली. पोस्टमनची सायकल दिसली की मी दाराशी धावे. तीन आठवड्यांनी वसंताचं कार्ड आलं. ते मी दारातच वाचलं. आजारी घरातलं एकही डुक्कर उरलं नव्हतं. सरूबाईची डुकरीण आणि नऊच्या नऊ पिल्लं जगली होती. गोठ्यात हलवल्यामुळे की चुन्यामुळे की तुझ्या नशिबाने, ते मला माहीत नाही, असं त्याने लिहिलं होतं.

त्यानंतर मी पुष्कळ फिरलो. पण आडवी दोरी दिसली की अलीकडेच थांबतो आणि अलीकडून जेवढं दिसेल तेवढंच लिहितो.

कार्डावर जागा संपली म्हणून वसंताने कडेला आडवं लिहिलं होतं: सरूबाईने आता सोड्याच्या पाण्याची बादली सडकेवर ठेवली आहे, तिथे पाय बुडवल्याशिवाय ती मलाही आत घेत नाही. तुझ्यासाठी निरोप आहे. "मास्तरले म्हना, पुढच्या दिवाळीले या. पानी सडकेवर ठेवलं हाये."