अर्ध्या रानाची काळी

गफारमामूनं बलभीमाच्या तोंडावर फावडं हाणलं, ते म्या या डोळ्यांनी बघितलं. आन खरं सांगते, अजून एक हाणलं असतं तरी म्या हात धरला नसता. मेल्यानं कामच तसं केलं व्हतं!

गफारमामू तेर गावचा. माती खांदणाऱ्या गड्यांचा मुकादम. निजामाचं राज्य जाऊन नऊ-धा वर्सं झाली व्हती आन बेंबळीवरनं धाराशिवला पक्की सडक चालली व्हती. सडकेला मुरूम पायजे, म्हणून ठेकेदारानं माझं सव्वा एकर रान धरलं. तेवढंच रान आमचं. घरधनी सोलापूरच्या गिरणीत, म्हंजे सगळं माझ्याच गळ्यात. कागद झाला: वरची काळी माती आधी काढून येगळी ठेवायची, खालचा मुरूम न्यायचा, आन पेरणीच्या आत दगडगोटा सपाट करून काळी परत वर घालायची.

मामूचा हात लई वाईट. पहिल्याच दिवशी एका गड्यानं काळीच्या ढिगावर मुरमाची पाटी उलथली. मामूनं त्याला मानगुटीला धरून पालथा पाडला आन खडान्‌खडा त्याच्याकडनंच येचून घेतला. "काळी जिती हाय, हरामखोर! तिच्या छातीवर धोंडा टाकतो व्हय?" त्या ढिगावर मामूनं हुलगा पेरला, घागरीनं पाणी घातलं, का तर वाऱ्यानं माती उडू ने आन तिचा कस जाऊ ने.

"मामू, एवढं कशाला तापता तुमी?" म्या एकदा इचारलं.

मामूच्या बापाचं रान असंच खांदलं व्हतं. माती-मुरूम एक केला, जी थोडी काळी उरली ती सगळ्या रानावर सारवल्यावानी पसरली. तीन सालात कुसळबी आलं न्हाय. बापानं त्याच रानात धोंड्यावर कपाळ आपटून जीव दिला. "माझ्या म्होरं, बेटी," मामू म्हणला, आन फावड्याला धार लावाय लागला.

वैशाखात म्या चार दिवस तुळजापूरला गेले. परत येऊन बघते तर अर्धा ढीग गायब! गाड्यांच्या चाकोऱ्या सरळ नदीकडं गेलेल्या. ठेकेदाराचा मुनशी बलभीम, त्यानं माझी काळी मेव्हण्याच्या पानमळ्यात नेऊन टाकली व्हती. मामू त्या दिवसांत सडकेवर मुरूम पसरायला गेलेला. म्या बलभीमाला जाब इचारला तर दात काढून म्हणतो कसा, "तुज्या रानात काळी व्हतीच वीतभर. ढीग हाय तेवढाच हाय."

मामू आला, ढीग बघितला. खड्ड्याकडं बोट केलं. खांदकामात खड्ड्याच्या मधी मातीचे खुंट न खांदता उभे ठेवत्यात. खुंटाचा माथा म्हंजे मूळचं रान. त्यावरनं सडकेचा सरकारी साहेब खोली मोजतो, गड्यांची मजुरी ठरते. आमच्या खड्ड्यात चार खुंट व्हते, आन वरची दोन हात काळी चारी खुंटांवर उघडी दिसत व्हती. "उद्या साहेब येतोय," मामू म्हणला. "साक्ष उभी हाय आपली."

साहेब आला. पहिल्या खुंटाच्या माथ्यावर काठी टोचली तर हातभर माती ढासळली, आन आतनं निघालं ताजं बिडीचं थोटूक. खांदणाऱ्यांची ही खोडच: खुंटाचा माथा गुपचूप वाढवायचा, म्हंजे खड्डा खोल दिसतो. वीरप्पा नावाच्या गड्यानं केलं व्हतं ते, मामूला पत्ता न्हाय. मामूनं वीरप्पाच्या अशी थोबाडीत दिली की त्याच्या तोंडातनं रगत आलं.

"सगळे खुंट खोटे," साहेब म्हणला. "मी धरत नाही. पाडून टाका."

बलभीम टपूनच व्हता. कुदळ उचलून दुसऱ्या खुंटावर धावला. मामू आडवा झाला. बलभीमानं कुदळ आवरली न्हाय. खुंटावर टेकलेल्या मामूच्या डाव्या हातावर बसली. तीन बोटं मातीत पडली. म्या किंचाळले. मामू किंचाळला न्हाय, उजव्या हातानं फावडं फिरवलं. बलभीमाचा डोळा फुटला, तो खड्ड्यात गुरावानी वरडत लोळाय लागला.

मामूनं तसल्याच रगताळ हातानं खुंटाची कड फोडली. आतनं जुनी मुळं निघाली, काळीत खोलवर गेलेली. "बघा साहेब! वीरप्पा माती रचंल, मुळं रचंल का?"

साहेबाचं तोंड पांढरंफटक पडलं व्हतं. पण त्यानं मापलं. उरलेल्या तिन्ही खुंटांवर काळी दोन हात. गेलेली माती परत आणा, असा हुकूम त्यानं तितंच लिहिला. उपेग काय? पानमळ्यात माती कालवून वेल लागलेसुदीक. काठावर पडून व्हती तेवढ्या धा-बारा गाड्याच परत आल्या.

पोलिसांनी मामूला बांधून गाडीत घातलं. हाताला फडकं, फडक्यातनं रगत गळतंय, आन मामू मलाच वरडतोय, "बेटी, सगळ्या रानात पातळ पसरू नको! अर्ध्यात जाड घाल! अर्धं मरू दे!"

म्या तसंच केलं. कुठलं अर्धं मारायचं, ते माझं म्याच ठरवलं. विहिरीकडचं जगवलं. वरच्या अर्ध्यात दगड लोटताना म्या ढसाढसा रडले, बलभीमाच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या.

तीन वर्सांनी मामू सुटला तो घरी न जाता सरळ माझ्या रानात आला. जोंधळा डोक्याच्या वर गेला व्हता. बांधापलीकडं नुसता धोंडा.

"बलभीम जिता हाय?" त्यानं इचारलं.

"हाय की. एका डोळ्यानं हिंडतोय."

"बरं झालं. अर्ध्या रानापायी मुडदा पाडला असता तर त्या पापानं जल्मभर माझा जीव खाल्ला असता."

"आन मामू, त्याच्या मुडद्यानं सगळं रान वाचलं असतं तर?"

मामूनं धोंड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तर न्हाय खाल्ला असता," म्हणला, आन दोन बोटांच्या हातानं जोंधळ्याचं धाट मोडून चावाय लागला.