ठेचा लावलेली वायर

मी निवृत्त झालो त्याच महिन्यात मेव्हणीने कन्नड गावाहून, तिच्या शेतावरचं कुत्र्याचं पिल्लू पाठवलं. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला घरात कुणीतरी ऐकणारं हवं, असं तिचं म्हणणं. पिल्लाने ऐकलं काहीच नाही. आल्याआल्या इस्त्रीची वायर कुरतडली, मग कूलरची, आणि शेवटी त्याचा जीव जडला तो अंगणातल्या पाण्याच्या मोटारीच्या वायरवर.

आमच्या भागात नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा, तेही तासभर. मोटार लावावीच लागते. चालू वायरला याने दात लावले तर? या धसक्याने मी भाजी आणायला निघालो तरी अर्ध्या रस्त्यातून परत फिरायचो. तोंडाने मात्र त्याला शिव्याच घालायचो. जीव लागलाय हे कबूल करायची लाज वाटत होती.

शेजारच्या खालांनी उपाय सांगितला. "मास्टरसाब, वायरकू हरी मिरची पीसके लगाओ. हमारी बिल्ली फिर उधर गईच नै."

बायकोने मिरच्या वाटल्या. वाटताना त्यात लसूण घातला, मीठ घातलं, वर भाजलेले शेंगदाणेही.

"नुसत्या मिरच्या वाटायला माझा हात धजत नाय," ती म्हणाली.

पिल्लू कन्नडच्या शेतावर ठेचाभाकरीवर वाढलेलं. त्याने वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाटून लख्ख केली आणि भाकरीसाठी माझ्याकडे बघत बसलं.

मग मी कडुलिंबाचा पाला वाटला. स्वतः. बायकोकडे दिला असता तर तिने पाडव्यासारखा त्यात गूळ घातला असता. आणि लावायला बसलो तो नेमका पाण्याच्या दिवशी, मोटार चालू असताना, अनवाणी, ओल्या फरशीवर. ओल्या हाताने विजेला शिवू नये, हे मी शेकडो पोरांकडून घोकून घेतलं होतं. पिल्लाने दात मारलेल्या जागी माझं बोट टेकलं आणि मी दोन हात लांब जाऊन पडलो. असा ओरडलो की खाला गच्चीवर आल्या. बायकोने धावत येऊन बटण बंद केलं.

"अक्कल हाय का नाय तुम्हाला?" एवढं म्हणून ती रडायलाच लागली.

पिल्लू पलंगाखाली शिरलं ते संध्याकाळपर्यंत बाहेर आलं नाही. जेवलंही नाही.

दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलावून नवी वायर टाकली आणि ती पाइपातून नेली. तशी आता गरज उरली नव्हती. पिल्लाने वायरचं नाव टाकलं होतं. पण मोटारीकडे मी एक पाऊल टाकलं की ते माझा पायजमा दातांत धरतं आणि कुंईकुंई करत जिवाच्या आकांताने मागे ओढतं. दोन पायजमे फाटले. पहिल्यांदा ओढलं तेव्हा मला भरून आलं, आणि त्या दिवशी मी त्याला एकही शिवी दिली नाही.

आता मोटार बायको लावते. बटणाकडे जाण्याआधी ती पिल्लाला बजावते, "धरून ठेव रं त्यांना. तिकडं जायला लागले तर लागलीच मला हाक मार."