सुबारूचं सीमोल्लंघन

तीन ऑक्टोबर, शुक्रवार. आजची कामं दोन: नवऱ्याच्या गाडीची पूजा करणे आणि संध्याकाळपर्यंत तिला घरातून कायमची हाकलणे.

दसरा खरं म्हणजे काल होता. पण काल सगळ्यांना ऑफिस होतं आणि आज जर्मनीची राष्ट्रीय सुट्टी, म्हणून आमच्याकडे दसरा आज. (आमचे सगळे सण इथल्या सुट्ट्या बघून येतात. देवांनी अजून तक्रार केलेली नाही.)

माझा नवरा मिलिंद झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. तिथे तो दिवसभर काय करतो, तर गाडीचं दार बंद होताना येणारा आवाज सुधारतो. दार 'धाड' न वाजता 'धप्प' वाजावं यासाठी त्याला चांगला पगार मिळतो. असा हा सभ्य, शांत, धप्प आवाजाचा माणूस दोन वर्षांपूर्वी एक म्हातारी सुबारू घरी घेऊन आला. तिची चारही दारं 'धाड' वाजत होती आणि त्याचं त्याला काहीही वाटत नव्हतं!

तेव्हापासून ती आमच्या एकुलत्या एका गॅरेजात आहे. आधी त्याने तिला चार बोटं उंच केलं. मग तिला ट्रॅक्टरला शोभतील असे खाचांचे टायर आले. इंजिनाखाली दगड लागू नये म्हणून पोलादी पत्रा आला. शेवटी बॉनेटमधून निघून काचेच्या कडेने थेट टपापर्यंत जाणारी एक काळी, जाडजूड नळी आली. इथल्या नियमाप्रमाणे गाडीचा स्क्रू बदलला तरी तपासनीसाला दाखवावा लागतो. त्यामुळे मिलिंद तपासणी केंद्रावर इतक्यांदा जाऊन आलाय, की तिथली माणसं त्याला आता कॉफी विचारतात.

आणि माझी गाडी? माझी नीटनेटकी, रोज कामाला येणारी गाडी रस्त्यावर! मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत सकाळच्या पाळीला जाते. दोन हिवाळे मी अंधारात उभी राहून काचेवरचा बर्फ खरवडलाय. आत उबेत सुबारू झोपलेली आणि बाहेर मी खरवडतेय!

"ती गाडी करते काय नक्की?" मी सप्टेंबरात एकदा सरळ विचारलं.

"चिखलातून जाते."

"चिखलातून गाड्या काढायच्या होत्या, तर कऱ्हाडहून इथे आलासच कशाला? तिथे फुकट होतं!"

यावर मिलिंदने खूप शांतपणे सांगितलं, की पाऊण तासावर एक बंद पडलेली खडीची खाण आहे. तिच्या मालकाने आत खड्डे, चढ आणि दलदल मुद्दाम राखून ठेवली आहे, आणि लोक पैसे भरून तिथे गाड्या घालतात. त्यातल्या सगळ्यात मोठ्या खड्ड्याला 'बाडेवाने' म्हणतात, म्हणजे अंघोळीचा टब.

"एकदा बाडेवाने पार केली की कळेल तुला."

"आणि नाही झाली तर?"

"होणारच."

"नाही झाली तर?" मी काही सोडणारी नव्हे.

शेवटी सासूबाईंच्या साक्षीने ठरलं. (त्या तीन महिन्यांसाठी कऱ्हाडहून आल्या आहेत आणि निवाडा करायची त्यांना हौस आहे.) गाडी आपल्या बळावर बाडेवानेच्या पलीकडे गेली, तर गॅरेज तिचं, मी पुन्हा तोंडातून शब्द काढायचा नाही. ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली, तर गाडी विकायची आणि बर्फ पडायच्या आत गॅरेज माझं.

"दसऱ्यालाच जाऊ," मिलिंद म्हणाला. "सीमोल्लंघन!"

"आधी पूजा," सासूबाई म्हणाल्या.

तर पूजा. आता गाडी पुजायची म्हणजे आधी पुसायला हवी. पण इथे घरासमोर गाडी धुवायला बंदी, त्यातून आज सुट्टी. मी गॅरेजचं दार अर्धं ओढून, बादली लपवून, चोरासारखी फडकं मारत होते. ज्या गाडीला मला हाकलायचं होतं तिचीच चाकं मी पुसत होते, यावरून माझा स्वभाव लक्षात यावा.

सासूबाई ताट घेऊन आल्या. त्यांनी सकाळीच मला दसऱ्याचा म्हणून गुळेदगुडचा हिरवा खण दिला होता, लाल काठाचा, इतका देखणा की मी तो वर ठेवायलाही गेले नव्हते. खांद्यावरच टाकला होता. सासूबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं आणि त्या नळीपाशी थबकल्या.

"मिलिंद, ही सोंड कशाला रे?"

"स्नॉर्कल आहे आई ती. इंजिन इथून श्वास घेतं. गाडी पाण्यात शिरली तरी नाक वर राहतं."

"मग सोंडच की!" असं म्हणून त्यांनी सोंडेला कुंकू लावलं आणि मूठभर अक्षता उचलल्या.

माझ्या लगेच लक्षात आलं. त्या नळीचं तोंड उघडं! त्यात तांदूळ गेले, तर इंजिनात जाणार, आणि मग नंतर गाडी हरली की हा माणूस म्हणणार, 'तुमच्या अक्षतांनी हरली.' मला निकाल स्वच्छ हवा होता. मी पटकन पायरीच्या स्टुलावर चढले आणि हाताला लागलं ते कापड नळीच्या तोंडात कोंबलं. दोन मिनिटांचा प्रश्न. या घरात एवढं व्यवधान मी सोडून आहे कोणाला?

सासूबाईंनी अक्षता टाकल्या, सोंडेच्या टोकापासून झेंडूची भलीमोठी माळ गुंडाळली आणि मिलिंदने जमिनीवर नारळ आपटला.

गॅरेजात नारळ फुटण्याचा आवाज 'धप्प' नसतो. खालच्या मजल्यावरच्या बाई गाउनवर धावत आल्या.

"आज फायरटाग आहे! सुट्टीच्या दिवशी हातोडा?"

"हातोडा नाही, नारळ आहे," मी म्हटलं.

"नारळ बाल्कनीत फोडता येत नाही का?"

सासूबाईंनी जर्मनचा एकही शब्द न येता त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि "बसा, चहा घ्या" म्हणाल्या. बाई बसल्या! अर्धा तास बसल्या! चहा, दोन करंज्या, वर चिवडा. या गडबडीत सगळ्यांना उशीर झाला आणि आम्ही घाईघाईने गाडीत चढलो. सासूबाईंना चढवायला मोरीतलं स्टूल लागलं. आमची मुलगी सई, वय वर्षं सोळा, सीटमध्ये खाली सरकून बसली, म्हणजे झेंडूच्या माळेसकट तिला कोणी बघायला नको.

"पाइनलिख," ती म्हणाली. (लाज आणलीत, या अर्थाचा हा शब्द ती आम्हाला रोज ऐकवते.)

"पाइनलिख काय? सण आहे!" मी म्हटलं.

महामार्गावर मिलिंद अस्वस्थ दिसला. "आज जरा ओढत नाहीये."

"म्हातारी आहे ती," मी आनंदाने म्हटलं.

"मला म्हणालीस?" मागून सासूबाई.

"अहो आई, गाडीला!"

खाणीचे मालक हेर (म्हणजे श्रीयुत) माउरर रबरी बुटांत फिरत होते. त्यांनी माळेकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "लग्न आहे का?"

"पूजा," मिलिंद म्हणाला.

"या, गेनाऊ," (हो, बरोबर) ते म्हणाले, म्हणजे त्यांना काही कळलं नाही.

बाडेवाने मी पहिल्यांदाच पाहत होते. टेनिसच्या मैदानाएवढा लांब खड्डा, त्यात चहाच्या रंगाचं पाणी, खाली काय आहे ते देव जाणे. सासूबाई आणि सई पलीकडच्या काठावर उभ्या राहिल्या. मला मिलिंद म्हणाला, "तू बस शेजारी. हरलीस की जवळून दिसेल."

"बसते ना!" मी म्हटलं. "हरलास की तुझं तोंड जवळून बघायचंय."

गाडी पाण्यात शिरली. पाणी दाराला लागलं. मिलिंदने ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन गुरगुरलं, चढाच्या आधीची दलदल आली, त्याने पाय पुरता खाली नेला, आणि इंजिनाने खोकल्यासारखा आवाज केला. मग आणखी एक. मग बंद.

मिलिंदने किल्ली फिरवली. खर्रर्र. पुन्हा फिरवली. खर्रर्र. मी खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात गॅरेजात फळ्या लावत होते. एका बाजूला पिठाचे डबे राहतील.

"फ्युएल पंप," मिलिंद पुटपुटला. "नाही, सेन्सर. नाही, पंप."

"ट्रॅक्टर," मी सुचवलं.

तो बाहेर उतरला. पाणी गुडघ्यापर्यंत आणि खाली चिकट गाळ. त्याने बॉनेट उघडलं, इकडे दाबलं, तिकडे ओढलं. काठावरून सासूबाई ओरडल्या, "मिलिंद, डावा पाय आधी टाकलास का रे गाडीत बसताना?" मी काच खाली करून मालकांना हाक मारली, "हेर माउरर! ट्रॅक्टर आणा!" माझा आवाज इतका आनंदी होता, की ते मला हात हलवून गेले.

ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. त्यांनी ओढायचा पट्टा मिलिंदकडे फेकला. पट्टा घेण्यासाठी मिलिंद वळला, त्याचा उजवा बूट गाळात अडकला, तोल गेला, आणि तो पडायला नको म्हणून त्याने हाताला येईल ते धरलं. हाताला आली माळ. माझ्या खिडकीला लागून असलेल्या त्या सोंडेवरची झेंडूची माळ तुटून पाण्यात पडली आणि नळीच्या तोंडाशी काहीतरी हिरवं दिसलं.

"हे काय?" मिलिंद म्हणाला आणि त्याने ते ओढलं.

थोडं आलं. आणखी ओढलं, आणखी आलं. हिरवं, मग लाल काठ, मग पुन्हा हिरवं. नाक्यावरचा जादूगार रुमाल काढतो तसं ते येतच होतं.

यावेळी शहाण्या बाईने काय करावं? गप्प बसावं. ट्रॅक्टर दारात उभा होता, पट्टा नवऱ्याच्या हातात होता, गॅरेज माझं होतं. फक्त गप्प बसायचं होतं!

"अरे ओढू नकोस असा!" मी खिडकीतून किंचाळले. "माझा नवाकोरा खण आहे तो! सुरकुत्या पडतील!"

मिलिंदचा हात थांबला. सईने फोन खाली केला. हेर माउररना मराठी येत नाही, पण त्यांनीही इंजिन बंद केलं.

"तुझा?" मिलिंद म्हणाला.

"मी दिलेला?" काठावरून सासूबाई म्हणाल्या. "गाडीच्या नाकात?"

"तांदूळ जाऊ नयेत म्हणून घातला होता!" मी म्हटलं. "तुझ्याच गाडीसाठी! इथे कोणाला काही काळजी..."

"दोन मिनिटं नाक दाबून ठेवलं तर तू धावशील का?"

"मी गॅरेजात बसून राहत नाही, मला सवय आहे!"

भांडण रंगात येणार इतक्यात गाडी थोडी खाली बसली. माझ्या पायाशी पाण्याची धार आली. माझे नवे बूट!

"वैशाली, सरक ड्रायव्हरच्या सीटवर! किल्ली फिरव! रुततेय ती!"

"मी कशाला? तुझी गाडी, तू..."

"मी पाण्यात आहे! माझा पाय निघत नाहीये! फिरव!"

मी सरकले. फिरवली. त्या म्हातारीने एक मोठा श्वास घेतला (घेणारच, सकाळपासून कोंडलेला होता) आणि अशी गर्जना केली, की माझ्या पाठीचा कणा ताठ झाला.

"पहिला गिअर! आता पाय काढू नकोस! नाही जमणार तुला, हळूच..."

'नाही जमणार तुला' हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. मी पाय पुरता खाली दाबला. चारही चाकं एकदम जमीन शोधायला लागली, गाडी डावीकडे गेली, उजवीकडे गेली, समोरच्या काचेवर सगळं तपकिरी झालं, मागे कोणीतरी "अगं मी!" असं ओरडलं, आणि मग एकाएकी समोर आकाश आलं. गाडी चढ चढून काठावर आली आणि सासूबाईंच्या पदरापासून हातभर अंतरावर थांबली.

सासूबाई जराही मागे सरकल्या नव्हत्या.

"झालं सीमोल्लंघन," त्या म्हणाल्या.

मिलिंद खड्ड्यातून बाहेर आला तेव्हा त्याचे फक्त डोळे ओळखू येत होते. पायात एकच बूट.

"पार झाली!" तो म्हणाला. "पट्टा लावला नव्हता! आपल्या बळावर पार झाली!"

"गाडीने नाही, मी पार केली!"

"आई, तूच सांग," मिलिंद म्हणाला.

सासूबाईंनी विचार केला. "ट्रॅक्टर लागला नाही. गॅरेज गाडीचं."

"अहो आई, मी सून आहे तुमची! मी बर्फ खरवडते!"

"मग चालवलीस कशाला एवढी छान?" त्या म्हणाल्या. "पाय काढून घ्यायचास."

याला न्याय म्हणतात! परत जाताना सई पहिल्यांदाच सीटवर ताठ बसली होती आणि कोणाला तरी व्हिडिओ पाठवत होती. विचारलं तर म्हणाली, "मामा, सुपर," (इथे आईला मामा म्हणतात) आणि मी तिलाही रागावले.

शनिवारी सकाळी मिलिंदची कंबर धरली होती. तो गरम पाण्याची पिशवी घेऊन पलंगावर पडला होता आणि त्याचा उजवा बूट अजून बाडेवानेत होता. चांगला, टिकाऊ बूट. एकाच पायाचा बूट घरात ठेवून करायचं काय? आणि माझी स्वच्छ गाडी त्या चिखलात कोण घालणार? तेव्हा मी सुबारूची किल्ली घेतली आणि गेले. दुपारी जेवणाच्या वेळेला बूट त्याच्या पलंगाशी आपटला आणि तुझ्या एका बुटापायी माझी सबंध सकाळ चिखलात गेली म्हणून त्याला चांगलं फैलावर घेतलं.

(बूट बाडेवानेच्या पहिल्याच फेरीत सापडला होता.)