मन बदललेला ग्राहक

सदर ग्राहक पुरुष, वय अडुसष्ट, निवृत्त, पूर्वीचा व्यवसाय लिफ्टचालक. वस्तू : विजेवर चालणारी आरामखुर्ची, बटण दाबताच बसणाऱ्यास उचलून उभे करणारी, नग एक. निम्मी रक्कम इसार म्हणून जमा. खरेदी रद्द. रद्द करण्याचे कारण : मन बदलले.

फर्निचरच्या दुकानातल्या संगणकात या माणसाची एवढीच नोंद आहे.

सगळे त्याला लिफ्टमामा म्हणत. एका सरकारी कचेरीच्या लिफ्टमध्ये, पाठ नसलेल्या स्टुलावर, त्याने उभी हयात बसून काढली. बायकोचे गुडघे पार गेले तेव्हा दोघं या दुकानात आली. मोठ्या दुकानात जायचं म्हणून तिने सकाळीच केसांना कलप लावला होता. खुर्चीने तिला अलगद उभं केलं. ती पुन्हा बसली, पुन्हा उठली.

"जन्मभर परक्यांना वर नेलंत," ती म्हणाली. "माझी पाळी आत्ता आली होय!"

निवृत्तीच्या पैशातून त्याने तिथल्या तिथे इसार भरला. खुर्ची घरी यायच्या आत ती झोपेतच गेली.

थोड्या दिवसांनी लिफ्टमामा लेकीला घेऊन दुकानात गेला. मॅनेजरच्या केबिनमध्ये गुलाबाचा कसलासा फवारा इतका मारलेला होता की जिभेवर साबणाची चव यावी. कोपऱ्यात धूळ खाल्लेली प्लास्टिकची झाडं. टेबलावर चिकट गोळ्यांची वाटी.

"फार वाईट झालं काका," मॅनेजर तोंडातली गोळी या गालातून त्या गालात सरकवत म्हणाला. "पण खुर्ची आईंच्या मापाने खास बनवून घेतलीय. आता ती कोण घेणार? अशा ऑर्डरचा इसार परत मिळत नाही."

"माप कधी घेतलंत?" लेकीने विचारलं.

"आमची माणसं नजरेनेच घेतात हो मॅडम."

"मग आणा बघू ती खास खुर्ची."

दोन हमालांनी खुर्ची ढकलत आणली. वर नवंकोरं प्लास्टिक. लिफ्टमामाने डोक्याकडचं प्लास्टिक बाजूला केलं. फिक्या कापडावर कलपाचा काळपट अर्धगोल होता. पुसायचे कष्टसुद्धा कुणी घेतले नव्हते.

"ही तर शोरूममधलीच," तो म्हणाला. "हिच्या आईचं डोकं टेकलं होतं इथे."

आता मॅनेजर ओशाळेल, असं कुणालाही वाटलं असतं. त्याने वाकून डाग नखाने खरवडून पाहिला.

"म्हणजे डाग तुमच्याकडून पडलाय काका. सफाईचा खर्च लागेल."

"माझी आई गेलीय, आणि तुम्ही तिच्या कलपाचं बिल लावताय?" लेक उसळली. "लाज कोळून प्यायलात काय?"

"मॅडम, हळू. बाहेर गिऱ्हाईकं आहेत."

"त्यांना ऐकू जावं म्हणूनच बोलतेय!"

तिने डागाचा फोटो काढला आणि बापाला घेऊन थेट ग्राहक तक्रार कार्यालय गाठलं. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून फोटो पाहिला. "खास बनवलेली असती तर गोष्ट वेगळी होती," त्या म्हणाल्या. "ही तयार होती. आणि वर थापही मारली." त्यांनी दुकानाला नोटीस धाडली.

नोटीस पोचल्यावर मॅनेजरचा आवाज एकदम मधाळ झाला. पूर्ण इसार परत, सफाई माफ. फक्त एकदा येऊन जा. लेक कामावर होती, लिफ्टमामा एकटाच गेला. मॅनेजरने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. रद्द करण्याच्या कारणांची तीन बटणं होती : मन बदलले, रंग पसंत नाही, दुसरीकडे स्वस्त मिळाली.

"मेलेल्या माणसाचं बटण कुठे आहे?"

"तसा ऑप्शनच नाही काका. कुठलंही एक दाबा. त्याशिवाय पैसे सुटत नाहीत."

लिफ्टमामाचं बोट बराच वेळ पडद्यापुढे अडकून राहिलं. माणसाला भलत्याच मजल्यावर उतरवणं त्याला कधी जमलं नव्हतं. मॅनेजरने वाटीतली गोळी पुढे केली. ती घ्यावी लागू नये म्हणून त्याने पहिलं बटण दाबलं.

पैसे त्याच दिवशी आले. बाहेर पडताना दाराशीच खुर्ची मांडलेली दिसली, 'अगदी नवी' अशी पाटी लावून. डागावर लेसचा रुमाल टाकला होता.

तिला ती खुर्ची आवडली होती.