नऊ वर्षांचं जर्मन स्थळ

माझं लग्न ज्या माणसानं पंधरा मिनिटांत ठरवलं, त्याच माणसानं एक मोटारसायकल ठरवायला नऊ वर्षं घेतली, असं मी सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, जावई सासरच्यांवर सूड उगवतोय. पण उज्जैनमधल्या कुठल्याही मराठी घरात जाऊन विचारा. माझ्या बायकोचे मामा, म्हणजे माझे मामेसासरे, दुसऱ्याच्या बाबतीत जितके झटपट, तितकेच स्वतःच्या बाबतीत घोळ घालणारे. सरकारी खात्यात धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि उरलेला वेळ आमच्या मराठी मंडळाचं वधू-वरांचं रजिस्टर सांभाळण्यात. मला बघायला आले तेव्हा त्यांनी ना पगार विचारला, ना पत्रिका मागितली. "चला जावईबापू, जरा टावर चौकाला चक्कर मारून येऊ," म्हणाले (मी तेव्हा कुणाचाच जावई नव्हतो), आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. वाटेत दोन गाई, एक हातगाडी आणि उलट्या बाजूनं घुसलेला एक टेम्पो लागला. परत आल्यावर उतरता उतरताच त्यांनी माझ्या आईला निकाल सांगितला, "वहिनी, जमलं. मुलगा ब्रेक मारायच्या आधी मागच्याचा विचार करतो. और क्या चाहिए?"

अशा माणसाला साठीच्या घरात आल्यावर जर्मन मोटारसायकलचं वेड लागलं. बीज जुनंच होतं. त्यांच्या लहानपणी इथल्या एका कापडगिरणीत यंत्रं बसवायला एक जर्मन इंजिनियर आला होता. त्याच्या गाडीचं इंजिन पातेल्याला कान असावेत तसं डावी-उजवीकडे बाहेर आलेलं होतं, आणि ते बघत आठ वर्षांचे मामा शाळा बुडवून दिवसभर गिरणीच्या फाटकाशी उभे राहिले होते. रिटायर झाल्यावर कुठल्याशा मासिकात त्यांनी तसल्याच एका गाडीची 'कॅफे रेसर' केलेली पाहिली आणि ते कामातून गेले. कॅफे रेसर म्हणजे काय ते त्यांनी मला जेवणाच्या पाटावर समजावून दिलं. "विलायतेतली पोरं पूर्वी एका कॉफीच्या दुकानापासून दुसऱ्या दुकानापर्यंत शर्यत लावायची. त्यासाठी गाडीवरचं जे जे फालतू ते काढून टाकायचं. हँडल खाली, माणूस वाकलेला, सीट एकट्याची. बस्स! खेल खतम." मामी पोळी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "फालतू ते सगळं काढल्यावर वर बसणारा तरी उरणार आहे का?" गाडीच्या कंपनीचं नाव मामा कधी उच्चारत नाहीत, नुसतं 'जर्मन' म्हणतात किंवा 'ती'. "मी ह्यांचं नाव चारचौघांत घेते," मामी सांगायच्या, "पण हे तिचं घेत नाहीत!"

रजिस्टर सांभाळायची सवय असल्यामुळे मामांनी मोटारसायकलींसाठीही एक वेगळं रजिस्टर घातलं. कुठं पुण्याला, कुठं दिल्लीला, कुठं थेट केरळात एखादी जुनी जर्मन विकायला निघाली की तिचा फोटो चिकटवायचा, बाजूला जन्मसाल, उंची, वजन, रंग, आधीचे मालक. मग आठवडाभर विचार आणि शेवटी तांबड्या शाईत शेरा. पन्नास सालानंतरची होती ती 'पुढून जड'. साठीतली दिसायला देखणी, पण 'ताठ बसते, वाकणार नाही'. ऐंशीनंतरची मागून एकाच शॉकअपवर उभी, म्हणून 'एका पायाची, नको'. पुण्याची एक सर्वगुणसंपन्न निघाली, सालही अगदी हवं ते, तर तिचा आधीचा मालक फोनवर फार गोड बोलला म्हणून ती गेली. वधू-वरांच्या रजिस्टरातल्या एखाद्या मुलीची आई इतके नखरे करती तर मामांनी तिला हात जोडून घरी पाठवलं असतं. नकाराच्या मधल्या दिवसांत ते आपल्या सुंदर हातानं भावी गाडीची चित्रं काढायचे. मोजमापासकट, बाजूनं, वरून, पुढून. प्रत्येक चित्रात टाकी असायची, वाकलेलं हँडल असायचं, स्वाराची सीट असायची, आणि सीटच्या मागे कागद कोरा. मी विचारलं की म्हणायचे, "वहाँ अभी विचार चालू आहे."

गाडी नव्हती, पण सराव जोरात होता. वाकून बसायची सवय आधीपासून हवी, नाहीतर ऐनवेळी कंबर धोका देईल असं त्यांचं गणित. माधव नगरच्या त्यांच्या घराच्या व्हरांड्यात दोन स्टुलांवर गॅसचा रिकामा सिलेंडर आडवा टाकलेला असे. ही टाकी. त्याच्या मागे शिवणयंत्राचं स्टूल, ही सीट. समोर खिडकीच्या गजाला आडवी बांधलेली काठी, हे हँडल. सकाळी पोहे-जिलबी झाली की मामा सिलेंडरवर छाती टेकून वीस मिनिटं बसत आणि तोंडानं गिअर बदलत. एकदा शेजारीण डोकावली, तिला वाटलं पोटात कळ आलीय, तर ती पळत जाऊन ओवा घेऊन आली. मामांनी आभार मानून ओवा खाल्ला आणि चौथा गिअर टाकला. मलाही त्या सिलेंडरवर बसावं लागलं आहे. मी बसलो की ते आजूबाजूनं फिरून माझ्या पाठीचा कोन बघत आणि निराश होत.

आणि मग एका सकाळी मामींचा न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, हळूहळू घरातल्या घरात चालणं सुरू झालं, पण डॉक्टरांनी सांगितलं की आता दुचाकीवर बसायचं नाही, कधीच नाही. त्या दिवसापासून मामांचं सगळंच थांबलं. स्टुलं आत गेली, सिलेंडर स्वयंपाकघरात गेला, मोटारसायकलींचं रजिस्टर त्यांनी सुतळीनं बांधून माळ्यावर टाकलं. मी विषय काढला तर म्हणाले, "छोडो जावईबापू. आता कशाला?" इतकी वर्षं मी त्यांची थट्टा करत आलो होतो. ते थांबल्यावर मला करमेना, खरंच करमेना. मामींना तर त्याहून करमेना. दोन महिन्यांनी त्यांनी मला फोन केला. आवाज इतका हळू की मामा शेजारच्या खोलीत आहेत ते कळत होतं. "जावईबापू, देवासला एक म्हातारे सर्जन आहेत. त्यांच्या शेजारच्या मुलीचं आपणच जमवलं होतं. त्यांच्याकडे तसली गाडी आहे. ह्यांना काहीतरी सांगून मोटारीत घाला आणि घेऊन जा. असेच बसून राहिले तर हे लवकर म्हातारे होतील हो."

मी नेलं. डॉक्टरांच्या बंगल्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्री ओढली आणि काळ्या रंगाची, दोन्ही कान चकाकणारी ती उभी! मामा चपला काढून जवळ गेले. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून फिरले, गुडघ्यांवर बसून सीटखाली वाकून पाहिलं आणि बराच वेळ तिथंच पाहत राहिले. इतकी वर्षं मी हे डोळे फक्त नकार लिहिताना पाहिले होते, आज ते भरून आलेले होते. डॉक्टरांचा आवाज अजून खणखणीत होता. "देखो साहब, गाडी दे दूँगा. बस एक शर्त है, काटना मत. लड़के आते हैं, कहते हैं पीछे से काट के नई बना देंगे. अरे, जितना काटना था, मैंने ज़िंदगीभर आदमियों में काट लिया." मामांनी ताबडतोब हात जोडले. "फिर तो नहीं जमेगा, डॉक्टर साब. अपने को तो पीछे का निकालना ही पड़ेगा. झूठ बोलके नहीं ले जाऊँगा." रजिस्टरातही त्यांचा हाच नियम होता, दोन्हीकडच्या लोकांना खरं ते आधी सांगायचं. पण परतताना ते फारच खुशीत होते. वाटेत दोन कचोऱ्या खाल्ल्या. नऊ वर्षांची इच्छा डोळ्यांसमोर मोडल्यावर माणूस दुसरी कचोरी मागत नाही, एवढं मलाही कळतं.

घरी मामी खुर्चीत वाट पाहत होत्या. मामांनी सगळी हकिगत सांगितली, 'काटना मत'पर्यंत. मामींनी शांतपणे विचारलं, "कितव्या सालची आहे?"

"असेल पंचाहत्तरच्या आसपासची," मामा भिंतीकडे बघत म्हणाले.

"मग त्या सालच्यांचा मागचा सांगाडा नटबोल्टवर असतो ना? चार बोल्ट काढले की वेगळा होतो, वाटलं तर परत बसवता येतो. कापायचं कुठं आलं?"

मी चाट पडलो. नऊ वर्षं पोळ्या लाटता लाटता त्या माऊलीनं सगळी जर्मन विद्या ऐकून ठेवली होती. आणि मामा? सीटखाली वाकून ते तेच बोल्ट बघत होते! डॉक्टरांना खरं सांगितलं, पण अर्धंच सांगितलं, कारण सगळं सांगितलं असतं तर नकाराला कारण उरलं नसतं. पुण्याची ती सर्वगुणसंपन्नही बोल्टांचीच असणार. मामा खाली बसले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "अगं, तुझी जागा काढून टाकून मी गाडी करू? हर बार वहीं आके अटकतो मी. तू बसत होतीस तेव्हाही हात होईना, और अब तो…"

"अहो," मामी म्हणाल्या, "बसता मला येत नाही. तुम्हाला कुणी उठवलंय? लावा डॉक्टरांना फोन. अपन काही कापत नाही म्हणावं."

डॉक्टर फोनवर इतके हसले की मलाही बाजूला ऐकू आलं. फ्रीगंजमधल्या एका जुन्या मिस्त्रीनं चार महिने ती गाडी केली. एकही जोड न कापता. रोज मामा तिथं जाऊन बसत आणि रोज संध्याकाळी मामींना बोल्टागणिक अहवाल देत. मागे काय करायचं ते शेवटी मामींनीच ठरवलं. छोटीशी गोल शेपटी आणि तिला काळं चामडं.

गाडी तयार होऊन दाराशी आली त्या सकाळी मी होतो, मिस्त्री होता, मामी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या. मामांनी हेल्मेट घातलं, टाकीवर वाकले, इंजिन सुरू केलं. रेस दिली की ती गाडी जागच्या जागी एका अंगाला झुकते, तशी झुकली. गिअर पडला. आणि मामा हलेचनात. एक पाय जमिनीवर, मान किंचित मागे वळलेली. मिस्त्री पुढे झाला, "बाबूजी, क्लच में कुछ दिक्कत है क्या?" मामांना ते ऐकूच गेलं नाही. मामी मात्र ओळखून होत्या. चाळीस वर्षं स्कूटरवर मागे बसून, पदर नीट करून, त्या म्हणाल्याशिवाय ह्या माणसानं कधी क्लच सोडला नव्हता. त्यांनी खुर्चीतूनच मोठ्यानं सांगितलं, "चला!"

मामा निघाले. गल्लीच्या टोकाला जाऊन, हात दाखवून, वळले.

मामी त्या कोपऱ्याकडे बघतच राहिल्या. मग मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं ह्यांची पाठ माझ्या नाकासमोर होती, जावईबापू. पुढचं काही दिसायचं नाही, एवढी मोठी वाटायची. आज लांबनं बघितली. केवढीशी झालीय हो."

टावर चौकाच्या बाजूनं इंजिनाचा आवाज अजून येत होता. तो येईनासा झाला तरी त्यांनी मला खुर्ची आत न्यायला सांगितली नाही.